शनिवार-रविवारी रुग्णालयात दाखल होणे अधिक धोक्याचे असते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शनिवारी रात्री उशिरा वडिलांना अचानक दम लागू लागला. घरातल्या काही मोठ्या माणसांचे मत पडले की सुट्टीच्या दिवशी रुग्णालयात मोठे डॉक्टर नसतात, तेव्हा सोमवारी सकाळी नेलेले बरे. शेवटी त्यांना रात्रीच नेले आणि आता ते घरी परतले आहेत. मात्र शनिवार-रविवारी दाखल झालेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त असते असे वाचनात आल्यापासून शंका राहिली आहे. ते खरे आहे का, थांबायला हवे होते का, आणि आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया शुक्रवारी ठरली आहे, ती पुढे ढकलावी का?

आपण वडिलांना रात्रीच नेलेत हे अगदी योग्य केलेत, हे मी आधी सांगतो, कारण पुढचे आकडे वाचून कोणाच्याही मनात त्याविषयी किंतु राहू नये. शनिवारी रात्री दहापासून सोमवारी सकाळी दहापर्यंत ३६ तास होतात. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला, तर ती विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत बंद पडलेली रक्तवाहिनी उघडावी, असे उद्दिष्ट ठेवलेले असते. जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळला असेल, तर पहिले प्रतिजैविक तासाभरात द्यावे लागते. अचानक लागलेला दम हा हृदयाचा, फुफ्फुसात गेलेल्या गुठळीचा किंवा न्यूमोनियाचा असू शकतो, आणि यांपैकी एकही आजार सोमवारची वाट पाहत नाही. सुट्टीच्या दिवशी दाखल होण्याचा जो काही जादा धोका मोजला गेला आहे, तो या ३६ तासांच्या विलंबाच्या धोक्यापुढे फार लहान आहे.

आता मूळ शंकेकडे येतो. मी गेली अनेक वर्षे तातडीच्या आणि अतिदक्षता विभागात काम करत आलो आहे आणि त्यातले कितीतरी शनिवार-रविवार रुग्णालयातच गेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला केवळ कागदावरचा वाटत नाही.

आकड्यांमध्ये फरक दिसतो, हे निर्विवाद आहे. या विषयाकडे जगाचे लक्ष वेधणारा मोठा अभ्यास २००१ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातून प्रसिद्ध झाला. त्यात १९८८ ते १९९७ या काळात तातडीच्या विभागातून दाखल झालेल्या सुमारे ३८ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. मृत्यूला कारण ठरणाऱ्या १०० प्रमुख आजारांपैकी २३ आजारांत शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांचे मृत्यू लक्षणीय प्रमाणात जास्त होते, आणि लक्षणीय प्रमाणात कमी मृत्यू एकाही आजारात नव्हते. पोटातली महारोहिणी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फुटलेल्या रुग्णांत हे प्रमाण ४२ टक्के होते, तर कामाच्या दिवशी ३६ टक्के. फुफ्फुसात गुठळी गेलेल्यांमध्ये ते १३ आणि ११ टक्के होते. त्यानंतर अनेक देशांत असेच अभ्यास झाले, आणि २०१७ मध्ये ९७ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात ही वाढ सरासरी १९ टक्के निघाली.

टक्क्यांची ही भाषा मात्र घाबरवणारी असते, म्हणून ती उलगडून पाहावी. समजा कामाच्या दिवशी दाखल झालेल्या १,००० रुग्णांपैकी २० जण ३० दिवसांत दगावतात. जोखीम १० टक्क्यांनी वाढली, म्हणजे ही संख्या २२ झाली. उरलेल्या ९७८ जणांना दाखल होण्याच्या वाराने काहीही झालेले नसते. जे दोन जास्त दगावले, त्यांच्यासाठी व त्यांच्या घरच्यांसाठी तो आकडा लहान नसतो, आणि म्हणूनच ते दोघे का दगावले हे शोधणे आमचे काम ठरते.

इथे पहिली गुंतागुंत येते. शनिवार-रविवारी दाखल होणारे रुग्ण आणि मंगळवारी दाखल होणारे रुग्ण हे सारखे नसतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग चालू असतो, कुटुंबाचे डॉक्टर उपलब्ध असतात, आणि त्यांनी चिठ्ठी देऊन पाठवलेले बरेच बेताचे आजारी रुग्णही तपासणीसाठी दाखल होतात. सुट्टीच्या दिवशी हा ओघ आटतो. जो तग धरू शकतो तो थांबतो, आणि ज्याला थांबणे शक्यच नाही तो येतो. छेदात हलके रुग्ण कमी झाले की उपचारांत तिळमात्र फरक पडला नसतानाही मृत्यूची टक्केवारी वर जाते. इंग्लंडमधील आकडेवारीवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने नेमके हेच दाखवले. तातडीच्या विभागात आलेल्या सगळ्या लोकांचा विचार केला तेव्हा शनिवार-रविवार आणि इतर दिवस यांतल्या मृत्यूंमध्ये फरक नव्हता. फरक फक्त त्यांतून दाखल करून घेतलेल्यांमध्ये होता, कारण सुट्टीच्या दिवशी दाखल करून घेण्याचे प्रमाणच कमी होते आणि ते अधिक आजारी माणसांपुरते राहत होते.

त्याच वर्षी ऑक्सफर्डमधील चार रुग्णालयांच्या २००६ ते २०१४ या काळातल्या पाच लाखांहून अधिक तातडीच्या दाखल्यांचा अभ्यास आला, आणि मला तो या सगळ्यांत फार मोलाचा वाटतो. आधीच्या बहुतेक अभ्यासांना रुग्णाचे वय, लिंग, जुने आजार एवढेच ठाऊक होते. दाखल होताना तो प्रत्यक्षात किती अत्यवस्थ होता, हे नोंदींवरून कळत नव्हते. मधुमेह असलेले सत्तर वर्षांचे दोन गृहस्थ कागदावर सारखेच दिसतात, पण मूत्रपिंड नीट चालत नसले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन एकाचे १ असते आणि दुसऱ्याचे ४. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखल होतानाच्या नेहमीच्या रक्ततपासण्यांचे निकाल हिशेबात घेतले. ३० दिवसांतील मृत्यू कामाच्या दिवशी ४.७ टक्के आणि शनिवार-रविवारी ५.१ टक्के होते, आणि या तपासण्या धरल्यावर त्यातला जादा धोका एक-तृतीयांश ते निम्म्याने कमी झाला. रक्ताच्या काही नेहमीच्या चाचण्यांनी एवढा फरक समजावून दिला, तर श्वासाचा वेग, रक्तदाब, शुद्ध आणि घरी असताना माणूस स्वतःच्या पायावर चालत होता की नाही, हे सारे मोजता आले असते तर आणखी किती उलगडले असते, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

नोंदी करण्याची पद्धतही फसवते. पक्षाघाताचे उदाहरण घ्या. ऑक्सफर्डमध्येच झालेल्या २०१६ च्या एका अभ्यासात आढळले की जुन्या पक्षाघातानंतर एखाद्या तपासणीसाठी किंवा नियोजित उपचारासाठी आलेल्या रुग्णांचीही नोंद ‘तीव्र पक्षाघात’ अशीच झाली होती. अशी माणसे कामाच्या दिवशीच येतात आणि त्यांना मृत्यूचा धोका जवळजवळ नसतो. त्यांच्यामुळे सोमवार ते शुक्रवारचा आकडा आपोआप सुधारतो आणि रविवार विनाकारण वाईट ठरतो. इंग्लंड व वेल्समधील ७४ हजारांहून अधिक पक्षाघाताच्या रुग्णांची खास नोंदवही तपासली गेली, तेव्हा शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांच्या ३० दिवसांच्या जगण्यात फरक आढळला नाही. उलट काळजीची गुणवत्ता संपूर्ण आठवड्यात दिवसाच्या वेळेनुसारही वरखाली होते, असे त्यातून दिसले.

डॉक्टरांच्या संख्येविषयी लोकांची समजूत अशी असते की वरिष्ठ कमी म्हणून मृत्यू जास्त. वरिष्ठ कमी असतात हे खरेच आहे. इंग्लंडमधील ११५ रुग्णालय-संस्थांमध्ये जून २०१४ मधला एक रविवार आणि एक बुधवार यांची तुलना केली गेली, तेव्हा तातडीने दाखल झालेल्या दर १० रुग्णांमागे वरिष्ठ तज्ज्ञांचे रविवारी सुमारे २२ तास भरले आणि बुधवारी सुमारे ४३. मात्र जिथे रविवारी तज्ज्ञ अधिक कमी होते तिथे मृत्यूही अधिक होते, असा संबंध काही सापडला नाही. याच प्रकल्पाने पुढे २० रुग्णालयांतले सुमारे ४,००० केसपेपर डॉक्टरांकडून बारकाईने तपासून घेतले. सुट्टीच्या दिवशीची काळजी कमी दर्जाची नव्हती, पण येणारे रुग्ण अधिक आजारी, अधिक परावलंबी होते आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यातले लोक त्यांत जास्त होते, असा निष्कर्ष निघाला. यातली शेवटची बाब मनाला लागणारी आहे, कारण घरी शांतपणे काळजी घेण्याची व्यवस्था सुट्टीच्या दिवशी बंद असते म्हणून कित्येकांना अखेरच्या दोन दिवसांसाठी रुग्णालयात यावे लागते.

हे सारे बाजूला ठेवून केवळ आकडा उचलला की काय होते, तेही जगाने पाहिले आहे. इंग्लंडमध्ये २०१३-१४ च्या नोंदींवरून शुक्रवार ते सोमवार दाखल झालेल्यांमध्ये ३० दिवसांत सुमारे ११,००० जादा मृत्यू झाल्याचा शोधनिबंध २०१५ मध्ये आला. हे मृत्यू टाळता आले असते असे मानणे घाईचे व दिशाभूल करणारे ठरेल, असे संशोधकांनी त्यातच लिहून ठेवले होते. तरीही तो आकडा तत्कालीन आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांच्या सातही दिवसांच्या सेवेच्या मोहिमेचा आधार बनला, आणि नव्या करारावरून २०१६ मध्ये कनिष्ठ डॉक्टरांचे संप झाले. त्याच संशोधकांच्या २०१२ च्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नाही. जे रुग्ण आधीपासून रुग्णालयात होते, त्यांचा रविवारी मृत्यू होण्याचा धोका बुधवारपेक्षा कमी होता. रविवारी रुग्णालयच धोकादायक होत असते, तर असे दिसले नसते.

म्हणजे हा सारा आकड्यांचा भ्रम आहे आणि चिंतेचे कारण नाही, असे मी म्हणावे अशी अपेक्षा असेल, तर तसे मी म्हणणार नाही. फरकाचा मोठा भाग रुग्णांच्या निराळेपणाने समजतो, पण एक लहान भाग उरतो आणि तो ठरावीक जागी साठलेला असतो. ज्या आजारात एका डॉक्टराने भागत नाही, तर थोड्या वेळात चार-पाच माणसे आणि एखादे यंत्र एकत्र यावे लागते, तिथे सुट्टीचा दिवस बोचतो. फुटलेल्या महारोहिणीसाठी शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहातले कर्मचारी आणि रक्तपेढी हे सारे एकाच वेळी हवे असतात. हृदयविकारात बंद वाहिनी उघडण्यासाठी कॅथलॅबची, म्हणजे ही प्रक्रिया जिथे होते त्या कक्षाची, संपूर्ण टीम घरून बोलवावी लागते. अमेरिकेतील २००५ च्या एका अभ्यासात रुग्ण दारात आल्यापासून वाहिनी उघडेपर्यंत नेहमीच्या वेळेत सरासरी सुमारे ९५ मिनिटे आणि अवेळी सुमारे ११६ मिनिटे लागत होती. न्यू जर्सी राज्यातील नोंदींत १९९९ ते २००२ या काळात हृदयविकाराने शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांपैकी १२.९ टक्के ३० दिवसांत दगावले, तर इतर दिवशी १२ टक्के. सुट्टीच्या दिवशी अशा रुग्णांवर वाहिनी उघडण्यासारख्या प्रक्रिया कमी होत होत्या, आणि तो फरक हिशेबात घेतला की मृत्यूंमधला फरक जवळजवळ नाहीसा होत होता. रुग्णाच्या बिछान्यापाशी कोण उभे आहे, यापेक्षा त्याच्यावरची निर्णायक क्रिया किती वाजता झाली, हे इथे महत्त्वाचे ठरले. जिथे चोवीस तास सज्ज पथक ठेवलेले असते, उदाहरणार्थ सुसंघटित अपघात-उपचार केंद्रांत, तिथे शनिवार-रविवारचा फरक दिसेनासा होतो. पेनसिल्व्हेनियातील अपघातग्रस्तांच्या नोंदींनी ते २०११ मध्ये दाखवले.

उरलेला दुसरा भाग असतो वॉर्डात, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. मी पूर्वी जिथे काम करत होतो, तिथे साठीच्या आसपासच्या एक बाई मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी शनिवारी सकाळी दाखल झाल्या होत्या. रविवारी दुपारी चार वाजता त्यांच्या मुलीने मला जिन्यात गाठले आणि म्हणाली, ‘‘आई नीट उत्तर देत नाहीये.’’ मी चार्ट पाहिला. श्वासाचा वेग शनिवारी दुपारी २०, रात्री २०, रविवारी सकाळी २०, दुपारी २०. मी घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहत मोजला, तो ३२ भरला. सकाळपासून लघवीची पिशवी एकदाही रिकामी करावी लागली नव्हती, आणि ते कोणाला खटकले नव्हते. त्या दिवशी एका निवासी डॉक्टरकडे चार वॉर्ड होते, आणि सिस्टरांची संख्याही रोजच्यापेक्षा कमी होती. श्वास न मोजता २० लिहिण्याची सवय सर्व दिवशी असते. पण बुधवारी सकाळच्या राउंडला तीन-चार जोड्या डोळे त्याच बिछान्याकडे पाहतात आणि कोणाला तरी संशय येतो. रविवारी ती दुसरी नजर नव्हती. बाई अतिदक्षता विभागात गेल्या आणि वाचल्या, त्याचे श्रेय मी त्यांच्या मुलीला देतो.

रुग्णालयात दाखल असतानाच हृदय बंद पडलेल्यांच्या अमेरिकी नोंदवहीतूनही हीच गोष्ट समोर येते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या विश्लेषणात दिवसा व संध्याकाळी हृदय बंद पडलेल्यांपैकी १९.८ टक्के रुग्ण जगून घरी गेले, रात्री मात्र १४.७ टक्केच. शनिवार-रविवारच्या दिवसाउजेडीही हे प्रमाण कामाच्या दिवसांपेक्षा कमी होते. कोसळण्याआधीच्या तासांत रुग्णावर किती नजरा असतात, याचा यात मोठा वाटा असावा असे माझे मत आहे.

तिसरी जागा शुक्रवारच्या संध्याकाळची. ज्या टीमने रुग्णाला आठवडाभर पाहिले, ती त्याला अनोळखी डॉक्टरांच्या हाती सोपवून जाते. हँडओव्हरच्या कागदावर ‘रविवारी पोटॅशियम पाहावे’ असे लिहिलेले मी शेकडो वेळा वाचले आहे. ते पाहिले जाते, २.८ म्हणजे बरेच कमी येते, आणि पाहणाऱ्याला पुढे काय ठरले होते हे माहीत नसते. त्याऐवजी ‘रविवारी सकाळी ८ वाजता पोटॅशियम, ३ च्या खाली असल्यास शिरेतून सुरू करावे, ईसीजी काढावा आणि मला फोन करावा’ असे लिहिले, तर त्या एका ओळीत शुक्रवारचा अनुभवी डॉक्टर रविवारीही वॉर्डात हजर राहतो. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला मी हे अशाच शब्दांत लिहायला लावतो आणि अपुरी ओळ दिसली तर कागद परत देतो.

नातेवाइकांना यातून काय करता येईल? तातडीच्या प्रसंगी वार पाहू नये, पण रुग्णालय निवडण्याची संधी असेल तर तिथे आत्ता, या घडीला, कॅथलॅब, सीटी स्कॅन, रक्तपेढी व शस्त्रक्रियेची सोय चालू आहे का, हे फोनवर विचारावे. नसेल आणि आजार त्या प्रकारचा असेल, तर तिथे पोहोचल्यावर दुसरीकडे हलवण्यात जाणारा वेळ वाचतो. दाखल झाल्यावर आज रात्री रुग्णाची जबाबदारी कोणत्या डॉक्टरांकडे आहे, वरिष्ठ त्याला कधी पाहणार आहेत आणि कोणती तपासणी सोमवारपर्यंत थांबवली आहे, हे सरळ विचारावे. थांबवण्यात धोका आहे का, हेही विचारावे, कारण कित्येक तपासण्या थांबल्याने खरोखरच काही बिघडत नाही आणि तसे स्पष्ट ऐकले की मनही शांत होते. आणि माणूस बोलेनासा झाला, नेहमीपेक्षा गुंगीत वाटला, श्वास भरभर चालू लागला, हातपाय गार पडले किंवा बराच वेळ लघवी झाली नाही, तर रविवारची दुपार आहे म्हणून संकोच न करता सिस्टरांना सांगावे, आणि समाधान झाले नाही तर डॉक्टरांना बोलावण्याचा आग्रह धरावा. आपल्या माणसाचे रोजचे वागणे आपल्याइतके कोणीही ओळखत नाही.

आता आईच्या शस्त्रक्रियेविषयी. इंग्लंडमधील २०१३ च्या अभ्यासात सुमारे ४१ लाख नियोजित शस्त्रक्रियांचा विचार झाला होता. सोमवारच्या तुलनेत शुक्रवारी शस्त्रक्रिया झालेल्यांचा ३० दिवसांतील मृत्यूचा धोका ४४ टक्क्यांनी जास्त निघाला. पण मूळ धोका १,००० मागे सात जणांपेक्षा कमी होता, आणि पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो सामान्यतः त्याहून बराच कमी असतो. ऑन्टारिओमधील सुमारे ४ लाख ३० हजार रुग्णांच्या २०२५ मधील अभ्यासात सुट्टीच्या आधी शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यू, गुंतागुंत वा पुन्हा दाखल व्हावे लागणे यांची एकत्रित शक्यता सुमारे ५ टक्क्यांनीच जास्त होती. कारण समजण्याजोगे आहे. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले ४८ तास रक्तस्राव, गळती आणि संसर्ग ओळखण्याचे असतात, आणि शुक्रवारच्या शस्त्रक्रियेचे ते तास शनिवार-रविवारी पडतात.

म्हणून केवळ वारावरून तारीख बदलू नका, विशेषतः पित्ताशयाची दुखणी वारंवार उठत असतील तर, कारण पुढे ढकललेल्या दिवसांत तीव्र दाह होण्याचा धोका वेगळाच असतो. सर्जनना एवढेच विचारा की शनिवारी सकाळी आईला कोण तपासणार आहे, आणि शनिवारी रात्री पोट दुखू लागले, ताप आला किंवा कावीळ दिसली तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा व पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर ती तिथेच होईल का. उत्तर माणसाच्या नावासह आणि वेळेसह मिळाले, तर शुक्रवार निर्धास्तपणे ठेवा. ‘‘कोणीतरी असतेच’’ असे उत्तर आले आणि आईला हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल, तर मंगळवारची तारीख मागून घ्या.